गेटवरची निळी साडी

ऐंशीच्या दशकातल्या त्या सकाळी मला अजून धुक्यातच दिसतात. धुळ्याबाहेरच्या आमच्या सूतगिरणीत रात्रपाळी सुटली की कापसाचे तंतू तरंगत गेटपर्यंत यायचे. त्यांच्यामागून बायका, केसांत कापूस, डोळ्यांत झोप. त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते असंच आठवतं. गेटवर मी उभी. कुणी सुताची बॉबिन कमरेला खोचून नेत नाही ना, याची झडती घेणं हे माझं काम.

माझी साडी खाकी होती. ती नेसले की मी कुणाचीच कुणी नसे. बायका हात वर करत आणि मान भिंतीकडे वळवत. मी विचारायची, "काय केलं आज भाजीला?" त्या पदर सावरून चालू लागत. जशी काही मी त्यांच्या भाजीचीही झडती घेणार होते! घरी येऊन मी सगळा राग साडीवर काढायची, दगडावर आपटून आपटून धुवायची.

मग एकदा गणवेशाची साडी आली ती निळी, अगदी फिकट. पहिल्याच सकाळी एकीने मला 'सिस्टर' म्हटलं. दुसरीने कापलेलं बोट पुढे केलं. मी नर्स नाही हे सांगून सांगून थकले आणि मग सांगायचंच सोडलं. खरं तर मला फार बरं वाटत होतं.

त्याच दिवसांत झडतीला उभ्या असलेल्या एका बाईने माझा हात धरून आपल्या काखेजवळ नेला.

"सिस्टर, आठे गाठ शे. दुखत नही, पन वाढी ऱ्हायनी."

"कधीपासून?"

"दिवायीना पहिलेपासून."

त्या जागेवरून माझा हात रोज फिरत होता.

"मग गेटवर आधी का नाही सांगितलंस?"

"तवय आठे पोलीसबाई व्हती ना!"

ती पोलीसबाई मीच, हे तिला माहीतच नव्हतं. तिने कधी माझं तोंड पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला सिव्हिलमध्ये नेलं. गाठ काढली. "वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाले. मी तडक आमच्या साहेबांकडे गेले, साडीबद्दल आभार मानायला.

"अहो, आभार कसले? दुकानात खाकी कापड संपलं होतं. पुढच्या महिन्यात येतंय."

"साहेब, नका आणू," मी म्हटलं. मला रडू आवरत नव्हतं.

साहेब हसले. "बायकांना रंगाची भारीच हौस," म्हणाले.