कपाटातली पाकिटं

शिरूरजवळच्या कारखान्यात मी पॅकिंग लाइनची सुपरवायझर आहे. दर महिन्याला प्रत्येक बाईला सॅनिटरी पॅडचं एक पाकीट मिळतं, सही घेऊन. कंपनी बायकांसाठी काय करते, असं कुणी विचारलं की मी ती सह्यांची वही तोऱ्यात पुढं करायचे.

कवठे येमाईहून एक मावशी कामाला यायची, पन्नाशीला टेकलेली. एकदा म्हणाली, "मॅडम, अंगातनं नुसत्या वाफा निघत्यात वो. मला दाराजवळच्या टेबलावर बसवा." मी खेकसले, "उकडतंय सगळ्यांनाच. तुम्ही काय वेगळ्या आहात?" ती पदरानं मान पुसत राहिली. पुढच्याच महिन्यात तिनं काम सोडलं.

तिचं कपाट मीच रिकामं केलं. आत वर्षभराची पाकिटं रचून ठेवलेली होती, एकही फोडलेलं नव्हतं. पाळी गेल्याचं कळलं तर म्हातारी म्हणून काढून टाकतील, या धास्तीनं ती दर महिन्याला सही करत आली होती.

आता माझीही पाळी थांबून वर्ष झालंय. परवा पाकिटं आली. नव्या साहेबांच्या देखत वहीत पहिली सही मी माझीच केली.