आत सोळा, खोक्यावर आठ

टीव्हीवर गोल चाक फिरत होतं. कोथरूडच्या त्या हॉलमध्ये माईंनी सोसायटीतल्या यच्चयावत मैत्रिणी जमवल्या होत्या. परक्याला वाटलं असतं, नातीचं केळवण आहे. सगळ्याजणी त्या चाकाकडे बघत होत्या आणि मी फरशीला कुठे भेग आहे का ते बघत होते. पडली असती तर त्यातून थेट पाताळात जाण्याची माझी तयारी होती.

"अगं गायकवाड," माई म्हणाल्या, "एवढं फिरलेलं चाक एव्हाना साताऱ्याला पोचलं असतं."

मी हडपसरच्या एका कंपनीत स्ट्रीमिंग बॉक्स बनवते. साबणाच्या वडीएवढा काळा डबा. टीव्हीला जोडायचा, तो इंटरनेटवरून सिनेमे, मालिका, गाणी आणून दाखवतो. माई म्हणजे बाळूशेठच्या आई. आणि बाळूशेठ अर्ध्या पुण्याला केबल पुरवतात. त्यांच्या स्वतःच्या मते सगळ्या पुण्याला. त्यांची ऑर्डर मिळाली तर आमचं युनिट चालू राहणार होतं. नाही मिळाली तर कुलूप. अट एकच होती. "मॅडम, ते टेस्ट रिपोर्ट मला कळत नाहीत. बॉक्स आईकडे ठेवा. आईला चालला तर पुण्याला चालला."

त्यामुळे आमच्या अख्ख्या युनिटचं भवितव्य माईंच्या सोफ्यासमोर गोल गोल फिरत होतं.

प्रश्न स्टोरेजचा होता. स्टोरेज म्हणजे बॉक्सच्या पोटातली जागा, ती जीबीत मोजतात. आमचे बॉस देवधर सर म्हणाले होते, "आठ जीबी पुरे. लोक काय त्यात लोणचं घालणार आहेत?" कागदावर त्यांचं बरोबर होतं. स्ट्रीमिंगचा सिनेमा बॉक्समध्ये साठत नाही. नळाखाली ओंजळ धरावी तसं ते असतं: आलं, प्यायलं, गेलं. जागा खातं ते बॉक्सचं स्वतःचं सॉफ्टवेअर, आणि तुम्ही घेतलेली ॲप्स. शिवाय अपडेटला जागा लागते. नवीन सॉफ्टवेअर येतं तेव्हा जुनं अजून आतच असतं. नवा भाडेकरू गाद्यांसकट दारात आणि जुना अजून आंघोळीत, असा प्रकार. दोघांना थोडा वेळ तरी एकत्र मावायला हवं. नाही मावले, की चाक फिरतं.

मी रिमोट हातात घेतला, बॉक्स बंद करून पुन्हा चालू केला आणि माईंची ॲप्स उघडली. माझ्या डोळ्यांसमोर काजवे नाही, अख्खी दिवाळी चमकली. पंचांगं तीन. पाककृतींची ॲप्स इतकी, की एकेक पदार्थ करायचा तर पुढचा जन्म बुक करावा लागेल. पीएमपीच्या बसचं वेळापत्रक. आणि एक टॉर्च.

"माई, टीव्हीवर टॉर्च?"

"लाइट गेले तर?"

"लाइट गेल्यावर टीव्ही कसा चालेल?"

"तुमचा लाइट असतानाही चालत नाही, ते बघतेच आहे."

मैत्रिणींत खसखस पिकली. मी शक्य तेवढ्या गोड आवाजात म्हणाले, "यातली थोडी काढून टाकू या का?"

"काढायचं कशाला? असू दे. लागतं कधीतरी."

पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. ओट्याच्या वरच्या फळीवर श्रीखंडाचे रिकामे डबे छतापर्यंत रचलेले. दारामागे एका पिशवीत पिशव्या, त्या पिशव्यांत आणखी पिशव्या. तिथेच मला आमची चूक कळली. आमच्या लॅबमधली पोरं नको असलेलं ॲप दोन सेकंदात उडवतात. त्यांनी टेस्टिंगही तसंच केलं होतं. पण बॉक्स जाणार होता अशा घरात, जिथे तुटलेल्या छत्रीची मूठसुद्धा जपून ठेवतात.

देवधर सरांना जाऊन सांगितलं, "सर, सोळा लागेल."

"मॅडम, ही चिप काय शनिवार पेठेत वाटीने उसनी मिळते?"

"युनिट बंद झालं तर आठवाल्या चिपांची रांगोळी घालायची का?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आमच्याकडे याला मंजुरी म्हणतात.

सोळावाला बॉक्स माईंकडे बसवला. मी निश्चिंत झाले. इतकी, की ऑफिसातल्या कॅन्टीनच्या उसळीचंही त्या आठवड्यात मी कौतुक केलं. मग बाळूशेठचा फोन आला. "मॅडम, चाक परत फिरतंय. आई म्हणते, कंपनी बदल."

धावत गेले. सोळाही भरलेलं! पाच पंचांगं, देशोदेशीच्या पक्ष्यांचे आवाज, घरातल्या तमाम बारशांचे फोटो, शिवाय मैत्रिणींनी सुचवलेले खेळ.

"माई, एवढं कशाला भरलंत?"

"जागा दिसत होती ना पुष्कळ! रिकामी ठेवायची होती तर दाखवायची नाही."

सरांनी ऐकलं आणि खुर्चीत मागे रेलले. "आता बत्तीस घालू. मग चौसष्ट. मग टीव्हीमागे गोदाम बांधू, वॉचमन ठेवू. बाळूशेठला मी काय सांगू? उद्या यायचेत ते."

मी घरी गेले. पुढचं सांगताना माझ्या नवऱ्याने हे वाचू नये एवढीच इच्छा. दिवाळीत मी चकलीचे दोन डबे करते. एक ओट्यावर असतो, तो घरातले सगळे दोन दिवसांत फस्त करतात. दुसरा गव्हाच्या कोठीमागे असतो. पाहुणा आला की कोठीमागून चकली येते आणि नवरा पाहुण्याला अभिमानाने सांगतो, "हिच्या हाताला बरकत आहे."

सकाळी सरांसमोर बसले. "चिप सोळाचीच घालू. चार जीबी सॉफ्टवेअरला. चार अपडेटसाठी कुलूपबंद, कुणाला दिसणारच नाहीत. माईंना स्क्रीनवर दिसतील फक्त आठ."

"आणि खोक्यावर काय छापायचं?"

"आठ."

सर उभेच राहिले. "मॅडम, बाजारात सगळे सोळा छापतात, हातात येतात दहा-अकरा. तुम्ही सोळा घालून आठ छापणार? अहो, फसवायचं तर निदान आपल्या बाजूने तरी फसवा!"

तेवढ्यात बाळूशेठ आत आले. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आईसमोर शेवटची संधी. आता चाक दिसलं तर मला फोनसुद्धा करू नका."

तिसरा बॉक्स बसवला. माईंनी तो आठवड्याच्या आत काठोकाठ भरला. 'जागा संपली' असा संदेश आला, त्या "अगोबाई" म्हणाल्या आणि थांबल्या. मग आम्ही मुद्दाम हडपसरहून अपडेट सोडलं, तेही मैत्रिणी जमायच्या वेळेला. मी माईंच्या हॉलमध्ये उभी होते. माझं काळीज इतक्या जोरात धडधडत होतं, की खालच्या मजल्यावरच्यांनी छताला झाडू आपटला असता. पडदा क्षणभर काळा झाला. आणि गाण्याची मैफल जिथे थांबली होती तिथूनच पुढे सुरू झाली.

माईंनी वळून पाहिलंसुद्धा नाही. पुण्यात याहून मोठी दाद मिळत नाही.

ऑर्डर आली. युनिट चालू राहिलं. दुकानात आमचं खोकं सोळावाल्यांच्या शेजारी गरीब नातेवाइकासारखं बसतं, आणि आमच्या तक्रार विभागातली माणसं कामाअभावी स्वेटर विणतात.

बाळूशेठच्या पोटात मात्र काही राहत नाही. जेवताना ते आईजवळ बोलून गेले. दुसऱ्या दिवशी माईंचा फोन. "काय गं, माझ्या टीव्हीत जागा लपवून ठेवली आहेस म्हणे?"

"हो, माई."

"बरं केलंस. बाळूला उघडून देऊ नकोस. भरून ठेवेल मेला."

नव्या इंजिनिअरना मी पहिल्याच दिवशी सांगते: माणसाला किती जागा लागते, हे शोधत बसू नका. जेवढी दिसते, तेवढी लागते.