कुलपाबाहेरचा प्रयोग

वत्सलाताई मेहरे यांची आणि माझी पहिली भेट माझ्या फजितीने झाली. मी बडनेऱ्याला रेल्वेत नुकताच लागलो होतो. अमरावतीच्या जुन्या नाट्यगृहात ताई नव्या नाटकासाठी माणसे पारखत होत्या. मी छाती फुगवून, पुणेरी उच्चारांत उतारा म्हटला. ताईंनी मध्येच थांबवले.

"गाव कोनतं तुह्यं?"

"चांदूर रेल्वे."

"मंग हे कोनाच्या तोंडानं बोलून राहिला? माय तुह्यी अशी बोलते काय?"

मी तोच उतारा घरच्या बोलीत म्हटला. भूमिका मिळाली.

ताईंचे घर भाजीपाल्याचा मळा करणारे. सकाळी बाजारात मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकून त्या दुपारी तालमीला उभ्या राहत. एका स्पर्धेत परीक्षकांनी "भाषा गावंढळ" असा शेरा मारला. पुढच्या वर्षी ताईंनी तेच नाटक, एक शब्द न बदलता, त्याच स्पर्धेत पुन्हा उतरवले. बक्षीस तेव्हाही मिळाले नाही. ताईंना त्याचे काही वाटले नाही.

मग नाट्यगृह धोकादायक असल्याची महापालिकेची नोटीस लागली. तिथे दुकानांचे संकुल होणार होते आणि तिसऱ्या मजल्यावर एक लहान सभागृह. एक अधिकारी ताईंकडे आले. सभागृहाला तुमचेच नाव देऊ, म्हणाले.

"नाव ठेवा तुमच्यापाशी," ताई म्हणाल्या. "नाटकाचं सामान तिसऱ्या माळ्यावर कोन चढवन? तुमी?"

कुलूप लागले त्या दिवशी चारचा प्रयोग होता. प्रेक्षक रस्त्यावर, आम्ही रंगवलेल्या चेहऱ्यांनी दाराबाहेर. मी म्हटले, "ताई, रद्द करू." पायऱ्या चढून त्यांनी पहिले वाक्य टाकले. अर्ध्यात पोलीस आले.

"साहेब, अंक संपू द्या. मंग न्या कुठं न्याचं ते."

अंक संपला आणि खरेच नेले. दोन तासांनी ठाण्यातून बाहेर येताच ताईंनी विचारले, "पुढच्या रविवारी किती वाजता?"

असे किती रविवार आम्ही पायऱ्यांवर खेळलो! त्याच काळात माझी पत्नी दवाखान्यात होती. मी तिच्याजवळून हलेना. ताई ऑटोने आल्या आणि मला उठवले, "तू तालमीले जाय. तिच्यापाशी मी आहो." मग त्या रोज येत. पत्नीच्या हाती संहिता देऊन स्वतःचे संवाद पाठ करत. चुकल्या की रागवायची तिला मुभा होती. आजारपणात ती पहिल्यांदा हसली ती ताईंच्या चुकीवर.

पायऱ्यांवरचा प्रयोग पाहायला येणाऱ्या एका निवृत्त अभियंत्यांनी इमारत विनामूल्य तपासून दिली. भिंती, छप्पर भक्कम. फक्त गॅलरी कमकुवत. तो अहवाल घेऊन ताई कचेरीत इतके हेलपाटे घालत राहिल्या की शिपाई त्यांना पाहताच खुर्ची पुढे करी. अखेर संकुल बारगळले. गॅलरी बंद ठेवून नाट्यगृह उघडले. ज्यांनी कुलूप लावले, तेच उद्घाटनाला पुढच्या रांगेत बसले. ताईंनी त्यांना तिकीट काढायला लावले.

ताई आज पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांना निवांत विश्रांती लाभो, असे काही मी लिहिणार नाही. त्या ऐकणार नाहीत आणि आम्हाला ते परवडणारही नाही. त्यांचे गुडघे धड राहोत, आवाज खणखणीत राहो, शंभरी सहज पार होवो. आणि ती गॅलरी दुरुस्त होऊन पुन्हा भरेपर्यंत त्यांनी कचेरीतल्या एकालाही स्वस्थ बसू देऊ नये.