पिराजीच्या मागची किटली

वर्षाराणीला गावात सगळे कम्प्युटरवाली म्हणत, आणि खोटं कशाला बोला, तिला ते आवडायचं. कागलजवळच्या गावची पोरगी, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या ऑफिसात बसून प्रोग्रॅम लिहिते आणि तो आपल्याच गावच्या दूध संस्थेत चालतो, म्हटल्यावर मान ताठ होणारच की. प्रोग्रॅम बसवला त्या दिवशी चेअरमननी तिला शाल पांघरली होती. ती शाल आता तिनं कपाटात सगळ्यात खाली कोंबलीय.

काम तसं साधं होतं. दूध मशीनला लावलं की फॅटचा आकडा येतो. नवा आकडा आला की प्रोग्रॅमनं आपण होऊन जागं व्हायचं, त्याच खात्याचा जुना आणि नवा शेजारी ठेवायचा, आणि दीड पॉइंटपेक्षा जास्त घसरला असेल तर पडदा लाल करून पीं करायचं. ह्याला रिअॅक्टिव्ह पद्धत म्हणतात. कुणी विचारायला नको, बदल झाला की ती स्वतःच बोंब मारते. पीं म्हणजे पाणी घातलंय, असं कुठं लिहिलेलं नव्हतं. पण रांगेतल्या बायांना ते पहिल्याच संध्याकाळी कळलं.

आणि पीं झालं ते शालूबाईला. वर्षाराणीच्याच गल्लीतली ही बाई तीस वर्षं संस्थेला दूध घालत होती. नवऱ्यामागं एका म्हशीवर तिनं लेकाला, सम्राटला, शिकवलं. तो आता शिरोलीच्या फाउंड्रीत, कामाच्या पाळ्यांमुळं तिकडंच राहायचा. घरी शालूबाई, सून मोना आणि मोनाचं तान्हं. रोज पीं व्हायला लागल्यावर शालूबाई किटली दोनदा घासायची, उन्हात पालथी घालायची, पदरानं पुसून मगच धार काढायची. तरी पीं. रांगेत बाया खुसखुसायच्या.

एका रविवारी वर्षाराणी घरी आली, तशी शालूबाई दारात.

"पोरी, तुझ्या मशिनीला माझं काय वावडं हाय गं? पंधरा दिस झालं, रोज वराडतंय. जरा बघ की."

वर्षाराणी जेवायला बसली होती. बघायला पाच मिनिटं पुरली असती. प्रत्येक पीं मागचा जुना आकडा, नवा आकडा, सगळं नोंदलेलं होतं. पण चाळीस दिवसांचे आकडे घालून तपासलेला प्रोग्रॅम तो; त्यात चूक कसली?

"शालूकाकू, मशीन खोटं बोलत न्हाय," ती म्हणाली. "घरात कोण पाणी घालतंय का बघा."

ते दुसरं वाक्य तिनं उगाच टाकलं, नुसतं विषय संपवायला. शालूबाई आल्या पावली परत गेली.

महिन्याभरात शालूबाईनं दूध घालणं बंद केलं आणि म्हैस वडगावच्या बाजारात विकली. आईनं फोनवर सांगितलं, तेव्हा वर्षाराणीनं नुसतं 'व्हय का' म्हटलं आणि पुढच्या कामाला लागली. मग चौथ्या दिवशी संस्थेचा सचिव आकाराम, त्याचा फोन आला.

"वर्षा, मशीन बिघडलंय बघ. बाळाबाईला पीं व्हायलंय. चेअरमनची आई पाणी घालंल व्हय?"

म्हणजे शालूबाईला झालं तेव्हा मशीन शहाणं, आणि बाळाबाईला झालं की बिघडलं. पण हे आकारामला सुनवायला वर्षाराणीला तोंड होतं कुठं? तिनं पहिल्यांदा नोंदी उघडल्या. शालूबाईच्या नावापुढं नवा आकडा सहा पॉइंट आठ, जुना आठ पॉइंट सहा. शालूबाईच्या म्हशीला जन्मात कधी आठ लागलं नव्हतं. वरची ओळ पिराजीची. पिराजीची मुऱ्हा म्हैस, गावात सगळ्यात जास्त फॅटची, आठ पॉइंट सहा.

प्रोग्रॅम शालूबाईचा कालचा आकडा बघतच नव्हता. रांगेत तिच्या आधी ज्याचं दूध पडलं, त्याचाच आकडा तिचा जुना म्हणून धरत होता. गावात किटल्यांच्या जागा ठरलेल्या. पिराजीच्या मागं कायम शालूबाई. ती गेली, रांग एकानं पुढं सरकली, आणि पिराजीच्या मागं बाळाबाई आली. तपासताना वर्षाराणीनं चाळीसच्या चाळीस आकडे एकट्या आपल्या आईच्या खात्यावर घातले होते. एकच खातं, मग मागचा आकडा चुकणार कसा?

दुरुस्ती दोन ओळींची निघाली. केली, आणि आकाराम म्हणाला, "झालं की मग, मिटलं." गप्प बसली असती तर कुत्रंसुद्धा भुंकलं नसतं. पण तिला ते पटेना. दुसऱ्या दिवशी ऊन उतरायला ती संस्थेत गेली आणि अख्ख्या रांगेपुढं म्हणाली, "शालूकाकूच्या दुधात पाणी नव्हतं. चूक माझी होती. मशीन पिराजीच्या म्हशीचा आकडा काकूचा जुना म्हणून धरत होतं." पिराजी तेवढा हसला.

मग ती शालूबाईच्या घरी गेली. शालूबाईनं चहा टाकला, कोरा. "दूध न्हाय गं घरात," म्हणाली. तीस वर्षं गावाला दूध घातलेल्या बाईच्या चुलीवर कोरा चहा उकळत होता. वर्षाराणीनं मान खाली घालूनच सगळं सांगितलं.

"पिराजीच्या म्हशीचा आकडा व्हय," शालूबाई म्हणाली. मोना कुठं दिसत नव्हती. पाळण्याची दोरी खुंटीला गुंडाळून ठेवलेली.

"मोना कुठं हाय, काकू?"

"कागलला, माहेरी. तू म्हणालीस, घरात बघा. घरात आमी दोघीच. मी न्हाय म्हटल्यावर तीच की. तिनं लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. ती मी मानली न्हाय. तुझं मानलं."

वर्षाराणीला रडू आलं, पण रडायचाही हक्क आपल्याला नाही असं वाटून तिनं ते गिळलं. शालूबाईनं चहा तसाच ठेवला, पदर खोचला.

"ऊठ. गाडी काढ. तिच्या दारात पयलं तू बोल, मग मी बोलतो."

कागलपर्यंत स्कूटीवर मागं बसून शालूबाई एकच विचारत होती, "दार उघडंल न्हवं गं ती?"