मासेकाकांची खूण

माशाच्या नुसत्या वासानं ज्यांचं डोकं उठायचं, त्यांना अख्खा कारखाना मासेकाका म्हणायचा. कारण त्यांची खूण. लाकडी जिगसॉ कोडी कापणारा प्रत्येक कारागीर चित्रात कुठेतरी एक तुकडा आपल्या खुणेचा कापतो. कुणाचं पान, कुणाची किल्ली, काकांचा मासा. एकतीस वर्षांत हजारो घरांत त्यांचे मासे पोचले होते. असा हात पुन्हा होणे नाही, हे मालकापासून झाडूवालीपर्यंत सगळे मान्य करायचे. काकाही मान्य करायचे, आणि जरा जास्तच करायचे.

कापलेलं कोडं जोडून तपासायचं काम त्यांच्या सुनेकडे होतं. एकदा तिनं करवतीवर बसू का म्हणून विचारलं, तेव्हा काका म्हणाले होते, "तू आपली जोड. कापणं म्हणजे भाजी चिरणं नाही."

मग ती बारा चित्रं आली. पाचशे वर्षांपूर्वीचे, रेनेसाँच्या काळातले चित्रकार, आणि धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेले त्यांचे चेहरे. रंगाचा पत्ता नाही. दाढी, टोपी, गालावरची सावली, सगळं केसाएवढ्या काळ्या रेघांचं. खरी नावं कुणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून कारखान्यानं आपली ठेवली. एक टोपीवाला, एक रुसूबाई. रुसूबाई म्हणजे चांगला दाढीमिशांचा पुरुष, पण तोंड फुगवून बसलेला.

बागेच्या रंगीत चित्रात करवत जरा हलली तरी फुलापानांत खपून जाते. इथे रेघ तुटली की तुटली. आणि काकांचा उजवा हात चार महिन्यांपासून थरथरत होता. त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. हात गेला तर करवत जाणार, आणि करवत गेली तर आपण कोण उरणार, या विचारानं ते जेवणाच्या सुट्टीतही बाहेर एकटेच बसत. महिन्याभरात चारेक चेहरे बिघडल्याची त्यांची खात्री होती, पण तपासणीतून कुणी चकार शब्द काढला नव्हता. आपल्यालाच उगाच वाटतं, अशी त्यांनी समजूत घालून घेतली होती.

चेहरा कापताना डोळ्याच्या बाजूनं जायचं, डोळ्यातून नाही. त्या सकाळी रुसूबाईच्या डाव्या डोळ्याजवळ काकांचा हात उडाला आणि पातं बुबुळ चिरून गेलं. हे काही उगाच वाटण्यातलं नव्हतं. त्यांनी तुकडे डब्यात भरले, सुनेच्या टेबलावर ठेवले आणि जेवणाच्या सुट्टीत बाहेर बाकावर जाऊन बसले. जेवणाचा डबा उघडलाही नाही.

दुपारी ते टेबलाशी गेले, तर रुसूबाई जोडून तयार. दोन्ही डोळे शाबूत. दाढीखाली मासाही होता. काकांनी तो उचलला. शेपटीचं वळण कसं एका दमात गेलेलं! अशी शेपटी त्यांच्या हातून कित्येक महिन्यांत निघाली नव्हती.

"हे कुणी कापलं?"

"मी," सून खाली बघत म्हणाली. "खराब झालं तर असावीत म्हणून जास्तीची चित्रं येतात ना, त्यातलं. सुट्टीत तुम्ही बाहेर बसता तेव्हा."

"कधीपासून?"

"हा पाचवा चेहरा, बाबा." तिनं टेबलाखालची पिशवी पायानं आत सारली.

"शिकवलं कुणी तुला?"

"सहा वर्षं तुमचेच तुकडे जोडतेय. तुम्ही कुठे वळणार ते माझ्या बोटांना पाठ आहे."

"आणि मासा? माझा मासा कापायची हिंमत कशी झाली तुझी?"

"नाहीतर मालकांना कळलं असतं. रविवारी घरात तुम्ही कसे येरझारा घालता ते बघते मी. रोजच रविवार झाला तर काय करायचं?"

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुनेनं आपली लाज झाकली, तीही न विचारता, आणि कापलं तेही आपल्याहून चांगलं. यातलं काय जास्त झोंबलं, ते त्यांना सांगता आलं नसतं.

तेवढ्यात मालक आले. त्यांनी रुसूबाईवर वाकून पाहिलं आणि काकांच्या पाठीवर थाप मारली. "मानलं काका! या वयात हा हात! पुढची बारा चित्रंही तुमच्याकडेच."

काकांनी नुसतं गप्प बसायचं होतं. काका वाकले, टेबलाखालची पिशवी ओढली आणि चिरलेल्या डोळ्याचे दोन तुकडे शोधून मालकांच्या तळहातावर ठेवले.

"हे माझं. ते हिचं."

सोमवारी दोघांच्या खुर्च्या बदलल्या. मालक भला माणूस. तपासायला जुनी नजरच हवी, असं चारचौघांत म्हणाले. ते ऐकून काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याआधीचे दोन दिवस घरी ते सुनेशी मुलामार्फतच बोलत होते.

सोमवारीच दुपारी तिनं कापलेला टोपीवाला त्यांच्यासमोर आला. टोपी जुळली, कान जुळला, आणि ढिगातून मासा निघाला. काका तरातरा करवतीपाशी गेले.

"आता कुणापासून लपवायचंय? तुझी खूण काप."

तिनं करवत थांबवली. "सकाळपासून बघतेय, बाबा. फूल काढायला जाते, तर हात माशाकडेच वळतो. दुसरं काही शिकलाच नाही तो."

काका परत येऊन बसले. मासा त्याच्या जागी बसवायला घेतला. एकदा शेपटी अडली. मग तुकडाच बोटांतून सुटला. करवत अजून सुरू झाली नव्हती, म्हणजे ती बघत होती. काकांनी डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं आणि सावकाश मासा खाली दाबला. मग मान न वळवताच ते ओरडले,

"बघतेस काय? तू आपली काप."