हिरव्या लुगड्याचे आठ तुकडे

माझी नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी, म्हणजे आमच्याकडे भिवंडीला यायची होती आणि येण्याआधीच तिने फर्मान धाडलं होतं. कुठल्याशा मासिकातून फाडलेलं एक चित्र. चित्रात जाडजूड उशी, तिच्यावर आठ टोकांची चांदणी, आणि सगळ्या उशीवर गोधडीसारखे बारीक टाके. मागे लिहिलं होतं, 'वहिनी, बाळाला पाजताना पाठीला अशी उशी हवी.' घ्या! सांगायला काय जातंय? शिवणाची हौस मला होती हे खरं, पण माझी मजल परकर आणि झबल्यांपर्यंत. ही दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट.

तरी मी कंबर कसली. आधी कात्री शोधली. ती पान्या-पकडीच्या डब्यात निघाली, कारण आमच्या ह्यांनी तिने वायर कापली होती. त्यावरून सकाळीच एक भांडण झालं. मग ती धार लावणाऱ्याकडून आणली. एका लग्नपत्रिकेचा जाड कागद शंकरपाळ्याच्या आकाराचा कापला. असे आठ शंकरपाळे टोकाला टोक लावून मांडले की चांदणी होते. मुलीच्या कंपासमधली पट्टी पळवली. शिंप्याकडून खडूची वडी मागून आणली. जुन्या दोन उशा उसवून कापूस पिंजाऱ्याकडे देऊन आले. राहता राहिलं अस्तर. हे नारपोलीला एका कारखान्यात मागांची देखरेख करायचे, तिथून त्यांनी कोरं कापड आणलं. कोरं म्हणजे कसलं, खळीने पापडासारखं कडक! तीनदा उकळलं तेव्हा कुठे ते माणसात आलं.

चांदणीसाठी मात्र मनासारखं कापड मिळेना. कापडाच्या गावात राहून ही तऱ्हा. दुकानात नवं होतं, पण बाळंतिणीच्या पाठीला मऊ, वापरलेलं, घरातलंच कापड हवं, हे आमच्याकडे ठरलेलं.

सासूबाई दाराशी बसून माझी धावपळ बघत होत्या. खाडीकाठच्या गावातल्या त्या, बोलणं रोखठोक. उठल्या, ट्रंक उघडली आणि एक हिरवं लुगडं माझ्या मांडीवर ठेवलं. त्यांच्या लग्नातलं. सासरे गेल्यापासून त्यांचं हिरवं नेसणं सुटलं होतं.

"बघ, येक डाग न्हाय," त्या म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांना कवा हात लावू दिला न्हाय मी ह्याला. तेलाचे हात घेऊन यायचे. मी आपली वरडायची, लांब व्हा, लांब व्हा."

सासऱ्यांनी जन्मभर मागावर काम केलं होतं. हात कितीही घासले तरी नखांच्या कडा काळ्या त्या काळ्याच. मी त्यांना पाहिलं तेव्हा ते रिटायर झाले होते, तरी तो तेलाचा वास त्यांना होताच.

"आई, याला कात्री लावू?" मी घाबरतच विचारलं.

"लाव. दुसऱ्या कुनाला दिलं नसतं. तुझा हात साफ हाय."

माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली होती. बारा वर्षांत त्यांच्या तोंडून माझ्याबद्दल एक बरा शब्द आला नव्हता. मला काय वाटलं ते काय सांगू? स्वयंपाकघरात जाऊन चक्क रडले.

लुगडं घडीघडीवर विरलं होतं. धड कापड निघालं ते जेमतेम आठ तुकड्यांपुरतं. उरलेल्या पट्ट्या सासूबाईंनी घडी करून परत ट्रंकेत ठेवल्या. मी आठ तुकड्यांना इस्त्री केली, एकावर एक रचले आणि कापडी पिशवीत घातले. कपाटात उंदीर शिरला होता, म्हणून पिशवी उंचावर टांगली. कुठे? दारामागच्या खिळ्याला!

आता इथेच माझी अक्कल पेंड खायला गेली होती. आमच्या घरात चिंधी कधी फेकली जात नसे. फाटकं सुती कापड दारामागच्या खिळ्याला पिशवीत जमत जायचं आणि दर शुक्रवारी हे ती पिशवी कारखान्यात न्यायचे. शुक्रवारी माग बंद, त्या दिवशी साफसफाई. मागांचं तेल पुसायला सुती चिंधीसारखं दुसरं काही नाही. वर्षानुवर्षं तो खिळा चिंध्यांचा. आणि मी शहाणी, गुरुवारी संध्याकाळी सासूबाईंचं लग्न त्याच खिळ्याला, चिंध्यांच्या पिशवीवरच टांगून मोकळी झाले.

शुक्रवारी दहा वाजता सुई ओवायला बसले, हात वर केला, तर खिळा रिकामा.

 कारखान्यात फोन लावला, कोणी उचलेना. ह्यांचा मोबाइल लावला, तो शोकेसवर वाजला. सासूबाई बाहेर तांदूळ निवडत होत्या. त्यांना काय सांगू? की तुम्ही जे नवऱ्याला शिवू दिलं नाहीत, त्याने आता परके लोक वंगण पुसतायत? "आलेच हं," म्हणाले आणि चपला घालून पळाले. रिक्षावाल्याला म्हटलं, "नारपोली, और जल्दी चलो." तो बिचारा खड्डे चुकवत होता, तर मी त्याच्यावरच खेकसले.

कारखान्याशी पोचले तेव्हा हे दारात चहा पीत उभे.

"अहो, पिशवी! खिळ्यावरची पिशवी कुठाय?"

"आत दिली साफसफाईला. का गं?"

त्यांना उत्तर द्यायला मी थांबलेच नाही. बंद मागांमधून वाट काढत आत गेले. एका मागाशी एक कारागीर बसला होता, उत्तरेकडचा, पिकल्या दाढीचा. त्याच्या हातात काळी झालेली चिंधी होती. बघितलं, तर माझ्या जुन्या पेटीकोटाची. माझ्याकडे बघून तोच आधी बोलला.

"भाभी, वो हरा वाला आपका है ना? हम तो पहले ही समझ गए. पोंछने का कपड़ा कोई इस्त्री करके भेजता है क्या?"

त्याने वरच्या फळीवरून वर्तमानपत्राची पुडी काढून दिली. आत माझे शंकरपाळे, जसेच्या तसे रचलेले. "एक निकाला था देखने को, सब एक नाप का. बाकी हाथ नहीं लगाया."

माझा जीव भांड्यात पडला. तिथल्या तिथे, त्या तेलकट जमिनीवर मी बसकण मारली. हसत होते की रडत होते, मलाच कळेना. मग उठले, त्याला दहादा शुक्रिया म्हटलं आणि बाहेर येऊन ह्यांना असं फैलावर घेतलं की त्यांचा चहा तसाच राहिला. "खिळ्याला तूच टांगलीस ना?" असं ते हळूच म्हणाले. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

घरी येऊन तुकडे मोजले. आठ. पण सर्वांत वरच्यावर, बरोबर मधोमध, अंगठ्याचा काळा ठसा. बाहेर काढून बघितलेला तो हाच. साबण लावला, खडूची पूड लावली, रॉकेलचा बोळा फिरवला. डाग फिकट झाला, जाईना. उलटा लावावा तर डाग आरपार उतरलेला. सात तुकड्यांची चांदणी होत नाही आणि दुसरा तुकडा निघायला लुगड्यात जागा नव्हती. लपवायचा विचार मनात आला, खोटं कशाला बोलू? पण 'तुझा हात साफ हाय' हे शब्द काही केल्या कानातून जाईनात. दुपारी त्यांच्यापुढे जाऊन बसले, तुकडा हातात दिला आणि खिळ्यापासून रॉकेलपर्यंत सगळं सांगून टाकलं. मग मान खाली घालून ओरड्याची वाट बघत राहिले.

त्यांनी तुकडा उजेडात धरला. मग नाकाशी नेला.

"मागाचं त्याल," त्या म्हणाल्या.

 त्या ठशावर त्यांनी आपला अंगठा ठेवला, नीट, कडेला कड जुळवून.

"जल्मभर वरडले मी, लुगड्याला हात लावू नका, लावू नका," त्या म्हणाल्या, आणि आवाज फुटला तसं हसूही फुटलं. "शेवटी लावलाच का न्हाय मेल्यानं?"

मी तुकडा परत घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी तो सोडला नाही.

"आता घासू नको ह्याला. ह्यो वरच्या अंगाला घे, माझ्या लेकीच्या खांद्याशी येईल असा." पदराने डोळे पुसले आणि लगेच नेहमीचा आवाज लावला. "बघत काय बसलीस? सुई आन."