पैंजणांचा दगड

गडावर येणारा प्रत्येक पाहुणा मला म्हणतो, "गाइडदादा, कुणी बघत नाही असं खरं काहीतरी दाखवा!" मग लाखभर लोकांना दाखवलेला तोच दगड मी त्यालाही दाखवतो. त्यात राणीचे पैंजण वाजतात, ही थाप माझीच; म्हणून मी स्वतः कधी कान लावला नाही. लोकांचे कान घासून घासून दगड इतका गुळगुळीत झालाय, की त्यात बघून भांग पाडावा.

आज धुक्यात एका बाईंनी कान टेकला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"वाजतायत हो! तुम्हाला तर रोज ऐकू येत असतील?"

"रोज," मी म्हणालो.

बाई धुक्यात दिसेनाशा होताच मी हळूच वाकलो. दगड गार होता, फक्त त्यांच्या कानाची जागा उबदार होती. तिथेच कान ठेवून मी वाट बघत राहिलो.